उजवीकडची जागा

आमच्या ट्रकचं स्टीअरिंग डाव्या बाजूला होतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेल्या गाड्यांपैकी ती एक. या हातातून त्या हातात फिरत ती बारामतीत आली आणि तिथून आमच्या कन्हेरीच्या मळ्यात. आपल्याकडं गाडी रस्त्याच्या डाव्या अंगानं चालवायची आणि या गाडीत चालवणाराही डावीकडंच बसलेला. त्याला दिसायच्या त्या कडेच्या बाभळी, खडीचे ढीग आणि चरातलं पाणी. समोरून कोण येतंय, पुढच्या बैलगाडीला ओलांडून जावं का मागंच राहावं, हे त्याला समजायचं नाही. ते उजवीकडं बसणाऱ्यानं सांगायचं. सांगायला दोनच शब्द पुरत. ‘धर’ म्हणजे रस्ता आपला, जा पुढं. ‘सोड’ म्हणजे खाली उतर, येणाऱ्याला जाऊ दे. गाडी माझा थोरला भाऊ अण्णा चालवायचा आणि उजवीकडच्या जागेवर आमचे वडील, तात्या, बसायचे.

माझी नात सध्या बारामतीत मोटार शिकायला जाते. छोटीशी पांढरी गाडी, पुढं-मागं तांबडं अक्षर, आणि शिकवणाऱ्याच्या पायाखाली त्याचा स्वतःचा वेगळा ब्रेक. पोरगी चुकली की तो आपला ब्रेक दाबतो आणि दोघं हसतात. घरी येऊन तिनं मला विचारलं, आजोबा, तुम्हाला कुणी शिकवलं? मी म्हटलं, सांगेन कधीतरी. पण तोंडानं सांगायला गेलो की माझं गाडं चहापाण्याकडं वळतं, म्हणून लिहून ठेवतो.

तात्या मूळचे गाडीवान. ऊस, गूळ, वांगी, काय म्हणाल ते त्यांनी बैलगाडीतून वाहिलं होतं. आणि बोलणं तर असं की विचारू नका. बैलांशी बोलायचे, पाटाच्या पाण्याशी बोलायचे, मेथीला पाणी देताना मेथीशी बोलायचे. आई म्हणायची, यांचं तोंड म्हणजे उघडं राहिलेलं दार हाय, कुणीबी आत यावं. सकाळी जात्याची घरघर थांबली की तात्यांचा आवाज सुरू व्हायचा, आणि रात्री हुलग्याचं माडगं पिताना मिशीला लागलं की तेवढ्यापुरता थांबायचा. भाकरीबरोबर कांदा फोडतानासुद्धा ते कांद्याला दोन शब्द सुनवायचे. आम्हा भावंडांना त्याचा कंटाळा यायचा. घरात कधी शांतता असू शकते हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

गाडीवानांचा एक कायदा होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण इंदापूर-बारामतीच्या सगळ्या रस्त्यांवर चालायचा. भरल्यानं धरायचं, रिकाम्यानं सोडायचं. त्या वेळी रस्ता म्हणजे मधोमध खडीची एक पट्टी आणि दोन्ही अंगाला काळी माती. भरलेली गाडी मातीत उतरली की कण्यापर्यंत रुतणार, मग माल उतरवा, बैल जुंपा, अर्धा दिवस गेला. रिकाम्या गाडीचं काय, ती उतरेल आणि चढेल. म्हणून उसाच्या हंगामात भरलेल्या गाड्या ओळीनं पट्टीवरून जायच्या आणि रिकाम्या परतणाऱ्या आपण होऊन खाली उतरायच्या. भरल्या गाडीनं रस्ता सोडला तर त्या गाडीवानाला लोक हसायचे. हा कायदा शहाणपणाचाच होता, आजही मी त्याला नावं ठेवणार नाही. फक्त तो बैलांच्या भरवशावर चालायचा. दोन गाडीवान हट्टाला पेटले, नाहीतर दोघांचा डोळा लागला, तरी समोर बैल दिसला की बैल आपसूक थांबतो.

आमचा माल वालचंदनगरला जायचा. कारखान्याची वसाहत, बाहेरून आलेली माणसं, त्यांना रोज ताजी भाजी लागायची आणि बाजाराच्या दिवशी तर जास्तच. त्या दिवशी वांगी आणि मेथी भरली होती. वाटेत कालव्यावर एक अरुंद पूल होता. पुलाच्या अलीकडं रस्ता डावीकडं वळायचा आणि वळणाच्या आतल्या अंगाला दाट बाभळी, त्यामुळं डावीकडं बसणाऱ्याला पूल अगदी पुढ्यात येईपर्यंत दिसायचा नाही. पलीकडून एक रिकामा ट्रक आला. तात्यांनी अण्णाला धर म्हणून सांगितलं. समोरचा ड्रायव्हर लांबच्या मुलखातला होता, त्याला आमचा कायदा कुठला ठाऊक? तोही थांबला नाही. शेवटच्या क्षणी अण्णानं स्टीअरिंग डावीकडं ओढलं आणि गाडी कठडा फोडून कालव्यात गेली. दार उघडलं गेलं आणि तात्या बाहेर फेकले गेले, त्यांच्या कोपराला खरचटलं. अण्णा स्टीअरिंगमागं अडकला. तो समोरचा ड्रायव्हर कपड्यांसकट पाण्यात उतरला होता आणि बुडी मारमारून अण्णाला ओढत होता, असं पाहणाऱ्यांनी सांगितलं. मी त्याला कधी पाहिलं नाही. त्याच्यावर मला राग धरता आला असता तर बरं झालं असतं.

अण्णाचा देह घरी आणल्यावर अंगणात माणसं बसली होती. काय झालं, कसं झालं, असं कुणीतरी विचारलं. तात्या म्हणाले, “रिकामा व्हता. मी म्हणलं, भरलाय आपला, धर. त्यानं धरला.” एवढंच. त्यानंतर तात्या बोलायचे थांबले.

मला रडू आलं नाही. पुष्कळ वेळ मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो, चिमटा काढला तरी दुसऱ्याचाच वाटतो, तसं मला सगळ्या घराचं झालं होतं. जातं फिरायचं, भाकरी थापली जायची, म्हशी ओरडायच्या, पण ते सगळं शेजारच्या घरात चाललंय असं वाटायचं. मी पाट धरायचो, वांगी तोडायचो, जेवायचो. वांग्याच्या कालवणात मीठ जास्त पडलेलं असलं तरी कुणी काही म्हणायचं नाही. तात्या सगळी कामं करायचे. बैलांना वैरण टाकायचे, पाणी पाजायचे, पण गप्प. बैलसुद्धा त्यांच्याकडं मान वळवून बघत उभे राहायचे, कारण बोलल्याशिवाय पाणी प्यायची त्यांना सवय नव्हती.

वहिनीही रडली नाही. तिचं माहेर निरवांगीचं. तिचे भाऊ तिला न्यायला आले तेव्हा ती उठून गोठ्यात गेली आणि ते निघून जाईपर्यंत शेणच भरत राहिली. शेजारच्या बायका आईला म्हणायच्या, “तिला रडवा कशानं तरी, न्हायतर तिच्या डोस्क्यात जाईल.” आई म्हणायची, कशी रडवू? आमच्याकडं सून सासऱ्याशी समोर बोलत नसे. काही हवं असलं तर दाराआडून सासूला सांगायचं आणि सासूनं नवऱ्याला. लग्न होऊन आल्यापासून वहिनी तात्यांशी एक शब्द थेट बोलली नव्हती, आणि आता तात्याच कुणाशी बोलत नव्हते. मधल्या मधे आई दोन्हीकडचं बोलायची. “जेवायला बसताय का?” असं विचारायची आणि “बसतो” असं स्वतःच म्हणून ताट मांडायची.

कालव्याची पाळी संपून पाणी उतरल्यावर गावातल्या बैलजोड्यांनी ट्रक ओढून काढला. तो आमच्या दारातल्या लिंबाखाली आणून उभा केला. इंजिन बारामतीत नेऊन साफ केलं, पत्रा ठोकून घेतला, पण माणूस खाल्लेली गाडी घेणार कोण? कोंबड्या त्याच्या मागच्या फाळक्यावर बसायच्या. शेवटी एके दिवशी दाराआडून वहिनी आईला म्हणाली, “ती गाडी चालू करा म्हणावं. न्हायतर मोडून तरी टाका. रोज उठून दारात बघवत न्हाय.” आई म्हणाली, “कोण चालवणार?” वहिनी म्हणाली, “वसंतभावजी हायेत की.” मी तिथंच ओसरीवर वांगी निवडत होतो. मला भीती वाटली नाही, आनंदही झाला नाही. बरं म्हटलं.

मला इमामचाचांनी शिकवलं. ते बारामतीच्या एका व्यापाऱ्याचा ट्रक चालवायचे आणि अण्णालाही त्यांनीच शिकवलं होतं. उजवीकडच्या जागेवर ते बसायचे, खिडकीतून बाहेर पानाची पिचकारी टाकायचे आणि तिकडंच बघत बोलायचे. पहिले काही दिवस तर त्यांनी मला आत बसूच दिलं नाही, नुसतं गाडीच्या तोंडाशी उभं राहून इंजिन सुरू करायचं लोखंडी हँडल मारायला लावलं. “अंगठा बोटांच्या बाजूलाच ठीव. हँडलला मिठी मारायची न्हाय. इंजन उलटं फिरलं की मनगट घिऊन जातंय.” मग चढ-उतार. “ज्या गिअरात चढतोस त्याच गिअरात उतर. ब्रेक हाय म्हणून उतरायचं न्हाय, ब्रेक न्हाय असं समजून उतरायचं.” मी खड्डे चुकवायला जायचो आणि नेमका खड्ड्यात जायचो. ते म्हणायचे, “खड्ड्याकडं कशापाय बघतोस? बघशील तिकडं गाडी जाती. जायचंय तिकडं बघ.” एकदा एक वासरू आडवं पळालं, मी थांबलो, ते गेल्यावर लगेच गाडी सोडली, तर मागून गाय. चाचांनी माझ्या मांडीवर हात मारला. “वासरू गेलं म्हणून सुटलो म्हणायचं न्हाय. आय मागनंच असती.” हे सगळं मी माझ्या नातीला सांगून ठेवलंय. हँडलचं सोडून, कारण तिला हँडल म्हणजे काय हे मला अर्धा तास सांगावं लागलं असतं.

एक गोष्ट मात्र चाचांनी शिकवली नाही. मी एकदा विचारलं, “चाचा, भरलेल्यानं सोडायचं का कधी?” त्यांनी खिडकीबाहेर पिचकारी टाकली. मग म्हणाले, “ते मी न्हाय सांगायचा, वसंता. ते तुज्या तात्यास्नी इचार.” सोडायचं म्हणाले असते तर तात्यांनी अण्णाला मारलं असं म्हटल्यासारखं झालं असतं, आणि धरायचं असं तर त्यांनाही म्हणवलं नसतं. मी तात्यांना विचारलं नाही. लायसन मिळालं, गाडी सुरळीत चालायला लागली, आणि घरात सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट राहिली. माल भरून मी बाजाराला निघेन तेव्हा उजवीकडं कोण बसणार? आईनं मला गोठ्यामागं गाठून सांगितलं, “त्यांस्नी तितं बसवू नगंस. चाचाला ने, न्हायतर कुणालाबी ने.” मी म्हटलं, चाचा येतो म्हणालेत.

बाजाराच्या दिवशी चाचांचा निरोप आला की व्यापाऱ्यानं त्यांना दुसरीकडं धाडलंय. मेथी तोडून झाली होती, जुड्या बांधून, पाणी मारून भरल्या होत्या. तोडलेली मेथी कुणाची वाट बघत नाही. मी हँडल मारलं, इंजिन धडधडायला लागलं, आणि वळून पाहतो तर तात्या उजवीकडच्या जागेवर बसलेले. डोक्याला पटका, हात मांडीवर. आई दारात आली. वहिनी तिच्या मागं उभी होती. मी गाडी गिअरमध्ये टाकली.

त्या प्रवासाइतकी गमतीची फेरी मी पुढं आयुष्यभर केली नाही, पण त्या वेळी हसायला माझं मन जागेवर नव्हतं. पुढं बैलगाडी आली की मी विचारायचो, “तात्या, समोर काय हाय?” तात्या गप्प. समोर दिसत नसताना ओलांडायचं नाही हे चाचांनी मनात पक्कं बसवलेलं, म्हणून मी बैलगाडीच्या मागं बैलगाडीच्या चालीनं. ती वळून गेली की थोडं पुढं जायचं आणि दुसरी भेटायची. सायकलवाले आम्हाला ओलांडून जात होते. एक म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन बराच वेळ आमच्या बरोबरीनं चालली आणि शेवटी म्हणाली, “बिघडलीया का रं?” मी न्हाय म्हटलं. ती पुढं निघून गेली. तात्या सरळ समोर बघत होते. त्यांना सगळं दिसत होतं, मला काही दिसत नव्हतं, आणि ते सांगत नव्हते.

मग ते वळण आलं. मी भोंगा वाजवला आणि पुलाच्या बराच अलीकडं गाडी उभी केली. बाभळींच्या पलीकडून फळ्या आणि साखळ्या आदळल्याचा आवाज येत होता. भरलेला ट्रक असा वाजत नाही. मला कळायचं ते कळलं होतं, पण तो किती लांब आहे, पुलावर चढलाय का नाही, ते कळत नव्हतं. फोडलेल्या कठड्याच्या जागी दगड रचून त्यांना चुना फासला होता, तेवढं मला बाभळींच्या फटीतून दिसलं. माझे हात स्टीअरिंगवर होते आणि ते माझे नाहीत असं मला वाटत होतं.

“तात्या,” मी म्हटलं.

तात्या म्हणाले, “रिकामा हाय.”

इतक्या महिन्यांनी त्यांचा आवाज ऐकला. घोगरा, न वापरलेला. शब्द तेच होते, त्या दिवशी अंगणात सांगितलेले. आता त्यांच्या पाठोपाठ कोणता शब्द येतो, त्याची मी वाट बघत होतो. आणि मनाशी हेही ठरलं होतं की धर म्हणाले तर मी धरणार. ते खरं होतं म्हणून लिहितो. बापाचा शब्द मोडायचा तर त्याला मनात काहीतरी जोर लागतो, तो माझ्यात उरला नव्हता.

“सोड,” तात्या म्हणाले. आणि मी लगेच हललो नाही तेव्हा माझ्याकडं वळून, अगदी हळू, “सोड बाळा. खाली घे.”

मी गाडी पट्टीवरून खाली घेतली. काळी माती पाटाच्या ओलीनं मऊ झालेली होती. डावी चाकं बघता बघता रुतली, गाडी कलंडल्यासारखी झाली आणि थांबली. रिकामा ट्रक पुलावरून खडखडत आला, आमच्या अंगाजवळून गेला. ड्रायव्हरनं हात वर केला. तात्यांनीही हात वर केला आणि तो पुष्कळ वेळ तसाच ठेवला.

मागून येणारे गाडीवान थांबले. एकजण ओरडला, “भरली गाडी खाली कुणी घातली रं? येडं का खुळं?” मग तो जवळ आला, त्यानं तात्यांना ओळखलं, आणि पुलाकडं पाहिलं. गुपचूप त्यानं आपली जोडी सोडून आणली. आम्ही मेथीच्या जुड्या, वांग्याची पोती उतरवून रस्त्याच्या कडेला रचली. साखळदंड बांधला. तात्यांनी त्या गाडीवानाच्या हातातला कासरा घेतला, परक्या बैलांच्या वशिंडावरून हात फिरवला आणि त्यांच्याशी बोलायला लागले. “चल राजा. जड हाय, ठाव हाय मला. चल माज्या लेकरा. हां. असं.” इंजिनाचा आवाज होता, तरी मला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. बैलांनी मान खाली घातली आणि ट्रक वर आला.

बाजारात पोचलो तेव्हा गर्दी पांगली होती. वांगी कशीबशी गेली, मेथी सुकली होती, ती परत आणली. परतताना तात्या प्रत्येक बैलगाडीपाशी मला सांगत होते, थांब, आता धर, थांब, सायकल हाय. घराजवळ आलो तेव्हा दिवस मावळायचा होता. आई आणि वहिनी दोघीही दारातच होत्या, सकाळी सोडून गेलो होतो तशाच, मधे आत गेल्याच नाहीत की काय असं वाटावं.

जेवायला मेथीच होती. लसूण-मिरची घालून परतलेली, भरपूर, आणि पुढं दोन-चार दिवस तीच असणार हे उघड होतं. आईनं भाकरी वाढली आणि मला विचारलं, मेथी का परत आली? मी उत्तर द्यायच्या आधी तात्या म्हणाले, “पुलावर रिकामा आला. आमी सोडला. गाडी रुतली, म्हणून उशीर झाला.” आईचा हात भाकरीवर तसाच राहिला.

वहिनी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. ती बाहेर आली. डोक्यावरचा पदर सावरून तात्यांच्या ताटासमोर उभी राहिली आणि त्यांच्याशी आयुष्यात पहिल्यांदा बोलली.

“भरल्यानं सोडता येतो व्हय, मामंजी?”

तात्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

“येतो, पोरी,” ते म्हणाले. “येत व्हता.”

वहिनीनं वाकून पातेल्यातली मेथी त्यांच्या ताटात वाढली, आत गेली आणि चुलीपाशी बसून रडायला लागली. आई उठून तिच्याजवळ जाऊन बसली. बाहेर मी आणि तात्या ताटावर होतो. वाढलेली मेथी तात्यांनी सगळी खाल्ली.